सलामवाले बाबा

रविवार, फाल्गुनातला शेवटचा. बीडचं प्रार्थनामंदिर, उपासना संपल्यानंतर.

हजर: पाळकसाहेब. गेवराईच्या बाजूची चिमाबाई. मांजरसुंब्याच्या घाटाखालची शांताबाई. नगरच्या वाटेवर सरहद्दीला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आहे, तिथले जमादार; हे आपल्या मंडळीतले नव्हेत, पण आले आणि शेवटपर्यंत बसले. शाळेच्या बोर्डिंगची व्यवस्था पाहणारी मी.

काम: बाबांच्या आठवणीची प्रार्थना.

पाळकसाहेबांनी मला बाबांविषयी थोडं लिहून आणायला सांगितलं होतं. मी आणलं ते नीटनेटकं होतं. कुठले, कोणत्या गावांना फिरत, सेवा कधीपासून, शेवटचं दुखणं कोणतं. वाचून झाल्यावर जमादारांनी मान हलवली आणि म्हणाले, "बाई, ये तो किसी भी आदमी का हो सकता है." खरं होतं. म्हणून आता दुसऱ्यांदा लिहिते आहे.

बाबा आमच्या मंडळीचे उपदेशक होते, असं कागदावर होतं. उपदेश करताना मी त्यांना फारसं ऐकलं नाही. ते एकच काम करत: एका घरचा सलाम दुसऱ्या घरी पोचवणं. निजामाच्या राज्यातल्या या मुलखात आपली ख्रिस्ती घरं म्हणजे या गावात एक, मग मधली गावं सोडून दुसरं. सगळी गावकुसाबाहेरची. संध्याकाळी एक घर डोळे मिटून प्रार्थनेला बसतं आणि शेजारची घरं दारात उभी राहून हसतात. बीडात राहून मला याची कल्पना नव्हती. टपाल आहे, बाजारहाटाला येणारेजाणारे आहेत, मग एवढी पायपीट कशाला, असं मी एकदा विचारलं.

"बाई," ते म्हणाले, "एकट्या घरात डोळे मिटून बसलं की मानसाला वाटतं, आपन येडे झालो. मंग लांबच्या गावचा सलाम येतो. तवा वाटतं, न्हाई, घर लई मोठं हाय आपलं. भिंती तेवढ्या लांब लांब हायेत."

त्यांचे नियम कडक होते. "सगळ्यांना सलाम सांगा" असा सलाम ते घेत नसत. सगळे म्हणजे कोण, त्या नावाचं घर मला माहीत नाही, असं म्हणून तिथंच बसून राहत. मग घरच्यांना एकेक नाव आठवून सांगावं लागे, आणि ज्याला कधी पाहिलंही नाही अशा माणसाला काय सांगायचं याचा विचार करावा लागे. तान्ह्या मुलांना वेगळा सलाम, म्हाताऱ्यांना वेगळा. घर मोठं असलं की सकाळ त्यातच जाई, आणि बायका चुलीपुढून ओरडत की बाबा, भाकरी करपली तुमच्या सलामापायी.

पोचवण्याची रीत याहून विचित्र. ज्याचा सलाम त्याच्याच आवाजात सांगायचा. शांताबाईचा सलाम किनऱ्या आवाजात, वाक्य संपायच्या आधी हसून. गोदेकाठच्या एका म्हाताऱ्याचा सलाम खोकल्यासकट. पाळकसाहेबांचा सलाम ते नाकातून सांगत, मग समोर खुद्द पाळकसाहेब बसलेले असले तरी. मुलं लोळून हसायची. पण शांताबाईनं मला सांगितलं आहे की तिची लेक दूर गावी दिली होती, आणि बाबा दारात उभे राहून त्या लेकीच्या आवाजात "आये, सलाम गं" म्हणाले, तेव्हा तिच्या हातातली घागर खाली आली.

चपलांचा त्यांच्याकडे एकच जोड होता आणि तो पिशवीत असे. चालायचं अनवाणी. गाव आलं, आपलं घर दिसू लागलं, की वेशीबाहेर बसून पाय पुसायचे, चपला घालायच्या आणि दारात जायचं. भेटून झालं की पुन्हा पिशवीत. काटे मोडतात, पाय फाटतात, चपला वाटेवर घाला, असं मी दरवर्षी सांगत असे. त्यांचं उत्तर ठरलेलं, की चपला चालायला नाहीत, भेटायला आहेत.

मी त्यांचं काम सोपं करायचा प्रयत्न केला. गावांची नावं, घरं, माणसं, कोणाचा सलाम कोणाला, असा छान तक्ता आखून दिला. त्यांनी तो आदरानं घेतला आणि पुढल्या खेपेला परत आणून दिला. "कागुद खोकत न्हाई, बाई."

पाळकसाहेब त्यांच्यावर मनातून माया करत, पण महिन्याचा अहवाल वर पाठवायचा असे आणि बाबांच्या रकान्यात लिहायला काही नसे. उपदेश किती दिले? आठवत नाही. नवीन माणसं किती जोडली? तेही नाही. "मंग केलं काय महिनाभर?" असं पाळकसाहेबांनी एकदा वैतागून विचारलं. बाबांनी तोंड उघडलं आणि गेवराईपासून पाटोद्यापर्यंतची माणसं सांगायला सुरुवात केली: कोणाच्या म्हशीला रेडकू झालं, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोण प्रार्थनेत रडतं, कोण झोपतं. पाळकसाहेबांनी शेवटी हात जोडले. अहवाल मीच लिहिला. 'घरभेटी' असं लिहिलं.

जेवताना त्यांच्याजवळ बसणं कठीण होतं. खाणं दांडगं. ठेचा आणि भाकरी म्हटलं की थांबत नसत. आणि मधेच हात थांबायचा. घास धरलेला तसाच. "ती घाटाखालची शांता आज एकलीच आसंल," असं म्हणायचे, आणि डोळे भरायचे. आम्हा शिकलेल्या लोकांना हे जरा अतीच वाटे. मी विचारलं होतं, की बाबा, एवढा जीव कावून तोडता? माझ्या तोंडात 'का'च्या जागी त्यांचा 'कावून' आलेला ऐकून ते आधी हसले. मग म्हणाले, "मी कुटं तोडतो? त्यो प्रभूचा जीव हाय. माझ्यात ठिवलाय, म्हनून मला दुकतंय."

जमादारांची ओळखही त्या सलामातूनच झाली. बाबा सरहद्दीकडच्या घरांना निघाले की नाका लागे. तिथं माल तपासत. जमादारांनी पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, "क्या लाया, बुढ्ढे?"

"सलाम," बाबा म्हणाले.

जमादारांना वाटलं, आपल्याला सलाम केला. त्यांनी तो घेतला आणि पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि कोणाचा कोणाला तेही सांगू लागले. नाक्यावरचे शिपाई जमले. आवाज काढून दाखवले तेव्हा बैलगाड्या खोळंबल्या. शेवटी जमादार म्हणाले, की यावर महसूल घ्यायचं फर्मान नाही, जा. बाबा निघाले, तशी त्यांनी मागून हाक मारली. "क्यूं बे, मेरे कू किसी ने नहीं भेजा?"

दुसरा कोणी हसून पुढे गेला असता. बाबांच्या जिवाला ते लागलं. एक माणूस सलाम मागतो आणि आपल्या पिशवीत त्याच्यासाठी काही नाही. परतताना घाट उतरून ते शांताबाईकडे गेले आणि जमादारांसाठी सलाम मागितला. शांताबाई म्हणाली की मी त्या माणसाला ओळखत नाही, आणि शिपायांचं नाव काढलं की मला धडकी भरते. बाबा बसून राहिले. तिनं शेवटी जो सलाम दिला त्यात थोडी धडकीही होती. बाबांनी तो तसाच पोचवला. जमादार सांगतात की नाक्यावर आयुष्य गेलं, पण घाबरतघाबरत पाठवलेला असा सलाम दुसऱ्या कोणी दिला नाही. आज मंदिरात त्या दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं. शांताबाईनं पदर तोंडाला लावला आणि खूप वेळ हसली.

आता भागाजी आणि संतू. बाबांना ओळखायचं तर इथंच.

हे दोघे सख्खे भाऊ, पाटोद्याजवळच्या एका खेड्यातले. धंदा दोर वळण्याचा. मोटेचा नाडा, बैलांचे कासरे, सगळ्या गावाला यांचेच. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं पीळ घालायचा, दुसऱ्यानं लांब उभं राहून टोक ताणून धरायचं आणि पिळाबरोबर पाऊल पाऊल पुढे यायचं. भागाजी थोरला, तो टोक धरी. संतू धाकटा, पीळ त्याचा. त्याच्या दोराला कधी गाठ येत नसे, बारीक नाही, जाड नाही, असं पाटोद्याचा बाजार सांगे.

दोघांनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. पाटलानं सांगितलं, की वर्षाचं धान्य बंद, दोर दुसऱ्या गावाहून आणू. भागाजीला मूलबाळ नव्हतं. तो बायकोला, म्हणजे चिमाबाईला घेऊन तिच्या माहेरी गेवराईकडे गेला. संतूच्या घरात लहान मुलं होती. त्यानं गावाच्या देवीपुढे पुन्हा नारळ फोडला आणि प्रार्थना सोडली. मी त्याला दोष देत नाही. निघताना भागाजी बोलला नाही, संतूही बोलला नाही. दोघांमध्ये नंतर जे काही राहिलं ते बाबांच्या येण्याजाण्यात.

दर खेपेला भागाजी विचारी, "संतूचा हाय का?"

"न्हाई अजून," बाबा सांगत. 'अजून' हा शब्द त्यांनी कधी गाळला नाही.

पावसाळा सरता सरता भागाजी आजारी पडला. पाय सुजले, बसूनच श्वास घ्यावा लागे. निरोप येताच मी औषध, कांबळं आणि साबूदाणा घेऊन गेले. बाबा आधीच तिथं होते. भागाजी आता दिवसातून कितीदा तरी तेच विचारत होता. चिमाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

मी बाबांना बाहेर बोलावलं. माझं म्हणणं साधं होतं. माणूस चाललेला आहे. तुम्हाला सगळ्यांचे आवाज येतात, संतूचाही येतो. एक शब्द बोला, तो सुखानं जाईल, कोणाचं काही बिघडत नाही.

"त्येला वळखू येनार न्हाई," बाबा म्हणाले.

"मग अडलं कुठं?"

"तितंच अडलं." ते पायरीवर बसले. "बाई, भागाजी वाट बघतोय तवर संतूला या घरात जागा हाय. मी खोटा सलाम दिला की वाट बघनं संपलं. मंग संतूची जागा मीच भरली न्हवं का?"

मला राग आला. मरणाऱ्या माणसापुढे असले हिशोब कसले, असं मी बोललेही. बाबांनी ऐकून घेतलं आणि पिशवी उचलली. ते पाटोद्याला निघाले होते, ते दुखरे गुडघे घेऊन. मग मी काय करणार? छकडा ठरवला. कांबळं, वाटेच्या भाकरी, गुडघ्यांना तेल. आणि संतूला काय सांगायचं त्याचं भाषण, मुद्द्यांसकट. बाबांना जमत नसेल तर मी जमवेन, असा माझा बेत होता.

सिंदफणेला अजून पाणी होतं. उतरून ढकलावं लागलं. बीडात बैल बदलले, मांजरसुंब्याचा घाट चढलो. सगळ्या वाटेत बाबा एकदाच बोलले, की भागाजी थांबेल. कशावरून, ते सांगितलं नाही. पण खात्रीनं सांगितलं, जसं मी बोर्डिंगच्या मुलींना सांगते की जेवण वेळेवर होईल.

संतू घराबाहेर दोर वळत होता. दुसऱ्या टोकाला माणूस नव्हता. जमिनीत खुंटी ठोकून दोर तिला बांधला होता, आणि थोड्या थोड्या वेळानं तो स्वतः जाऊन खुंटी पुढे ठोकत होता. समोरच्या पारावर पाटलाचा गडी बसला होता, आम्ही कोण ते बघत.

बाबांनी चपला घातल्या, जाऊन खुंटी उपटली आणि टोक हातात घेतलं. मला दिसलं की ही सवयीची गोष्ट आहे.

"सलाम न्हाई, बाबा," संतू वर न बघता म्हणाला. "दर खेपंला सांगतो."

"मी कुटं मागितला?"

मी पुढे होऊन माझा पहिला मुद्दा सुरू केला. बाबांनी मोकळा हात वर केला आणि मी थांबले. थोडा दोर वळून झाला. ते पाऊल पाऊल पुढे येत होते. मग म्हणाले, "भागाजी लई आजारी हाय."

संतूचे हात चालूच होते. "कसा हाय?"

बाबांनी सांगितलं. पाय सुजलेत, झोप बसून.

थोड्या वेळानं पुन्हा, "कसा हाय म्हनलाव?"

बाबांनी तेच पुन्हा सांगितलं, एक शब्द कमी नाही. दोर होत आला आणि बाबा बरेच जवळ आले, तेव्हा संतूनं तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी फार हळू, कारण पारावरचा गडी उठून उभा राहिला होता.

मग मीच न राहवून म्हटलं, "अरे, एवढी काळजी आहे तर एक सलाम दे ना."

संतूनं माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "बाई, सलाम घरच्यांचा आसतो. मी त्ये घर सोडलं. आता मरनाऱ्या भावाला खोटं बोलू का?"

एक खोटा सलाम पोचवत नाही, दुसरा खोटा सलाम देत नाही. दोन हट्टी माणसांमध्ये मी आणि माझा छकडा. परतीच्या वाटेवर मी छकड्याचं भाडं मनात मोजलं. काय मिळालं, तर काही नाही, असा माझा हिशोब होता.

भागाजी थांबला होता. आम्ही आत गेलो तसं त्यानं तोंड वळवलं, पण विचारलं नाही. घाबरला होता, मला वाटतं.

"सलाम मिळाला न्हाई," बाबांनी सरळ सांगितलं. चिमाबाईनं डोळे मिटले. "पन त्यानं तीनदा इचारलं, कसा हाय म्हनून. दोर माझ्या हातात व्हता."

"मंग?"

"पीळ चुकला."

भागाजी कोपरावर उठायला बघत होता. "संतूचा?"

"दोनदा सैल पडला. शेवटाला गाठ आली. माझ्या बोटाला लागली."

मी तिथं उभी होते, तो दोर डोळ्यांनी पाहिला होता आणि मला त्यातलं काही दिसलं नव्हतं. भागाजीला दिसलं. तो हसला. श्वास पुरत नव्हता तरी हसला. "संतूच्या दोराला गाठ," तो चिमाबाईला म्हणाला. "रडत व्हता त्यो. बाप मेला तवाच चुकलता त्येचा पीळ." मग बाबांना जवळ बोलावलं. "माझा सलाम न्या त्येला. सांगा, मी वाट बघत व्हतो. रागात न्हवतो."

त्या आठवड्यातच तो गेला. चेहरा शांत होता. चिमाबाईनं त्याच्या उशाशी दोराचा तुकडा ठेवला, आणि पाळकसाहेबांनी तो तसाच राहू दिला.

बाबा सलाम घेऊन पाटोद्याला गेले. संतूला भावाची बातमी आधीच लागली होती. बाबांनी खुंटी उपटली, टोक धरलं आणि म्हणाले, भागाजीचा सलाम आणलाय. संतू म्हणाला, "आता नगं, बाबा. पुडच्या खेपंला सांगा." पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्याही. वर्षं गेली. संतूची मुलं मोठी झाली, पाटील म्हातारा झाला, आणि संतू दर वेळी सलाम पुढे ढकलत राहिला. पाळकसाहेब म्हणाले, की नाद सोडा, त्याचं मन कठीण झालंय. बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांना भाकरी कशी खातात हे माहीत नाही.

"साहेब, त्यो सलाम घेतला की त्येच्या भावाचं बोलनं संपलं. म्हनून घेत न्हाई. ज्येला नगं आसतं त्यो पुडच्या खेपंला या म्हनत न्हाई. घील त्यो. मला काळजी न्हाई."

आणि खरंच नव्हती. शेवटच्या दुखण्यातही नव्हती. बोर्डिंगच्या पडवीत त्यांची खाट होती. एका दुपारी त्यांनी मला बसवून घेतलं आणि पिशवीतले राहिलेले सलाम एकेक करून सोपवले. हा पाळकसाहेबांना द्यायला सांगा, हा शांताबाईकडून जाईल. भागाजीचा मात्र माझ्याकडे. मी म्हणाले, सांगते. त्यांनी म्हणून दाखवायला सांगितलं.

मी म्हटलं: मी वाट बघत व्हतो, रागात न्हवतो.

"लई वाचल्यावानी झालं. भागाजीला दम लागलाय. मदी थांबा."

मी मधे थांबून म्हटलं. त्यांना पटेना. दुपारभर त्यांनी ते माझ्याकडून घोटून घेतलं, आणि शेवटी डोळे मिटून ऐकत म्हणाले, "हां. आता भागाजी आला." मग माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "ह्ये हात लेखनीचे. चिमाकडं जा. टोक धराया शिका. उभ्याउभ्या सांगायचं न्हाई त्येला."

त्यामुळे आज प्रार्थना आटोपल्यावर मी चिमाबाईला घरी पाठवलं नाही. बोर्डिंगच्या अंगणात तिनं पीळ घातला, मी टोक धरलं. तळहात सोलले, पाऊल चुकलं, ती हसली. शांताबाई ओसरीवरून सूचना देत होती, जमादारही देत होते, आणि त्या दोघांच्या सूचना एकमेकींशी जुळत नव्हत्या. संध्याकाळपर्यंत दोर मला थोडा समजू लागला. ढिला पडतो तेव्हा बोटांना कळतं.

बुधवारी निघायचं. छकडा सांगितला आहे. भाकरी चिमाबाई देणार आहे. तिलाही यायचं होतं, पण म्हणाली, आधी तुम्ही जा, माझं त्याला ओझं होईल. भाषण या वेळी लिहिलेलं नाही. संतूनं पुढच्या खेपेला या म्हटलं, तर पुढची खेप कधी ते तिथंच ठरवून येईन. भागाजीचा सलाम पोचायचा राहिला आहे.